फोटोशॉपमध्ये 'ग्राफिक्स प्रोसेसर'ची अडचण: नेमकी कुठे आहे ते कसे ओळखायचे आणि दुरुस्त कसे करायचे?

फोटो झूम केला की कॅनव्हास काळा पडतो. ब्रश फिरवला की रेघ दोन सेकंदांनी उमटते. 'लिक्विफाय' किंवा 'कॅमेरा रॉ' उघडताच प्रोग्राम बंद होतो. कधी सुरुवातीलाच निरोप येतो, की डिस्प्ले ड्रायव्हरमध्ये अडचण असल्यामुळे ग्राफिक्स हार्डवेअर वापरणाऱ्या सुविधा तात्पुरत्या बंद केल्या आहेत. फोटोशॉप वापरणाऱ्या बहुतेकांना यातला एखादा अनुभव कधी ना कधी येतोच.

अशा वेळी दोन सल्ले हमखास मिळतात: 'मशीन फॉरमॅट कर' किंवा 'नवीन ग्राफिक्स कार्ड घे'. पहिल्यात अख्खा दिवस जातो, दुसऱ्यात हजारो रुपये. अनेकदा दोन्हींची गरज नसते. अडचण ड्रायव्हरची, एखाद्या सेटिंगची किंवा चुकीच्या ठिकाणी लावलेल्या केबलची असू शकते. ती नेमकी कुठे आहे हे क्रमाने कसे तपासायचे, ते या लेखात पाहू. मुख्य उदाहरण विंडोजवरच्या फोटोशॉपचे आहे. शेवटी लाइटरूम, ॲफिनिटी, गिम्प आणि ब्राउझरमध्ये चालणाऱ्या कॅनव्हा, फोटोपीसारख्या साधनांबद्दलही दिले आहे.

थोडक्यात

- सगळ्यात आधी फाइल सेव्ह करा आणि तिची प्रत दुसरीकडे ठेवा.
- फोटोशॉपमध्ये ग्राफिक्स प्रोसेसर बंद करून पाहा. अडचण गेली तर दोष ग्राफिक्सच्या बाजूला, राहिली तर दुसरीकडे.
- ड्रायव्हर कार्ड बनवणाऱ्या किंवा लॅपटॉपच्या कंपनीच्या संकेतस्थळावरून घ्या.
- लॅपटॉपमध्ये दोन ग्राफिक्स चिप असतील, तर फोटोशॉपला जास्त ताकदीची चिप नेमून द्या.
- कार्ड विकत घेण्याआधी ते डायरेक्टएक्स १२ ची 'फीचर लेव्हल १२_०' देते का, हे बघा.

हार्डवेअर ॲक्सेलरेशन म्हणजे काय?

संगणकातला मुख्य प्रोसेसर म्हणजे सीपीयू. तो अनेक प्रकारची कामे करतो, पण एका वेळी मोजकीच. ग्राफिक्स प्रोसेसर, म्हणजे जीपीयू, याच्या उलट आहे. एकच साधे गणित तो एकाच वेळी हजारो ठिकाणी करू शकतो. फोटो म्हणजे लाखो ठिपके, आणि फोटो संपादनात बहुधा प्रत्येक ठिपक्यावर तेच गणित करायचे असते. म्हणून हे काम सीपीयूकडून काढून जीपीयूकडे दिले, की ते झपाट्याने होते. यालाच हार्डवेअर ॲक्सेलरेशन म्हणतात.

फोटोशॉपमध्ये हे २००८ साली आलेल्या सीएस४ आवृत्तीपासून सुरू झाले. तेव्हा झूम गुळगुळीत होणे, कॅनव्हास फिरवणे अशा दाखवण्याच्या कामांसाठी 'ओपनजीएल' वापरले जात होते. २०१२ च्या सीएस६ मध्ये 'मर्क्युरी ग्राफिक्स इंजिन' आले आणि लिक्विफायसारखी जड कामेही जीपीयूकडे गेली. नंतरच्या आवृत्त्यांत विंडोजवर डायरेक्टएक्स आणि मॅकवर मेटल या प्रणालींचा वापर वाढला. २००२ च्या फोटोशॉप ७ वर काम करणाऱ्यांना ही अडचण कधी येत नाही, त्याचे कारण हेच: ती आवृत्ती जीपीयू वापरतच नव्हती.

फोटोशॉप आणि ग्राफिक्स चिप एकमेकांशी थेट बोलत नाहीत. मध्ये ड्रायव्हर नावाचा दुभाषी असतो. फोटोशॉप नवे झाले पण ड्रायव्हर जुनाच राहिला, किंवा विंडोजच्या अपडेटने ड्रायव्हर बदलला, की दुभाषी गोंधळतो. काल चालणारे आज बंद पडण्यामागे बरेचदा एवढेच असते.

जीपीयूवर काय अवलंबून असते आणि काय नाही?

हे माहीत असले तर निम्मा शोध वाचतो.

जीपीयू नसेल तर चालत नाहीत किंवा खूप मंदावतात: स्क्रबी झूम, फ्लिक पॅनिंग, कॅनव्हास फिरवणे, ब्लर गॅलरी, पर्स्पेक्टिव्ह वॉर्प, ऑइल पेंट, लिक्विफाय, सिलेक्ट अँड मास्क, स्मार्ट शार्पन, न्यूरल फिल्टर्स, तसेच कॅमेरा रॉ आणि लाइटरूममधले 'डीनॉइज'.

जीपीयूशी फारसा संबंध नाही: फाइल उघडायला किंवा सेव्ह व्हायला लागणारा वेळ, 'स्क्रॅच डिस्क भरली आहे' हा निरोप, फॉन्टची यादी हळू उघडणे. ही कामे डिस्क, रॅम आणि सीपीयूची आहेत. लग्नाच्या अल्बमची दोन जीबीची फाइल सेव्ह व्हायला पाच मिनिटे लागत असतील, तर महागडे कार्ड घालून ती वेळ कमी होणार नाही. तिथे एसएसडी आणि जास्त रॅम उपयोगी पडेल.

आणखी एक घोळ ३डी चा. २०२१ पासून ॲडोबीने फोटोशॉपमधल्या जुन्या ३डी सुविधा टप्प्याटप्प्याने बंद केल्या. त्यामुळे नव्या आवृत्तीत ३डी चालत नसेल तर तो तुमच्या कार्डाचा दोष नाही.

आधी काम सुरक्षित करा

तपासणी करताना प्रोग्राम पुन्हा पुन्हा बंद पडू शकतो. म्हणून दोन गोष्टी आधीच करा.

१. चालू फाइल वेगळ्या नावाने सेव्ह करा आणि शक्यतो पेन ड्राइव्ह किंवा दुसऱ्या डिस्कवर तिची प्रत ठेवा.

२. एडिट > प्रेफरन्सेस > फाइल हँडलिंग इथे जाऊन आपोआप रिकव्हरी माहिती साठवण्याचा अवधी बघा. तो मुळात १० मिनिटांचा असतो. सध्यापुरता ५ मिनिटांवर आणा.

काम उद्या सकाळी द्यायचे असेल, तर रात्री ड्रायव्हर बदलत बसू नका. जीपीयू बंद करा (पद्धत खाली दिली आहे), संथपणे का होईना काम पूर्ण करा, आणि दुरुस्ती नंतर करा.

पहिली तपासणी: दोष नेमका कुणाचा?

खालच्या चार चाचण्यांना मिळून दहा-पंधरा मिनिटे लागतात आणि एक पैसाही खर्च होत नाही.

*चाचणी १: जीपीयू बंद करून पाहा.* विंडोजवर एडिट > प्रेफरन्सेस > परफॉर्मन्स उघडा. मॅकवर ही खिडकी फोटोशॉप या मेनूखाली असते. तिथे 'यूज ग्राफिक्स प्रोसेसर' समोरची खूण काढा, फोटोशॉप पूर्ण बंद करून पुन्हा उघडा. ज्या कृतीने अडचण येत होती तीच पुन्हा करा. अडचण गेली, तर ड्रायव्हर, सेटिंग किंवा कार्ड यांपैकी काहीतरी आहे. अडचण तशीच राहिली, तर प्लगइन, बिघडलेली प्रेफरन्स फाइल, फॉन्ट, रॅम किंवा डिस्क यांकडे बघा.

*चाचणी २: स्क्रीनशॉट घ्या.* पडद्यावर रेघा, ठिपके किंवा चौकोन दिसत असतील तर स्क्रीनशॉट घेऊन तो मोबाइलवर पाठवा. मोबाइलवरही त्या रेघा दिसल्या, तर चित्र संगणकाच्या आतच बिघडते आहे. दिसल्या नाहीत, तर केबल किंवा मॉनिटर तपासा.

*चाचणी ३: फाइल एक्सपोर्ट करा.* तीच फाइल जेपीजी करून दुसऱ्या मशीनवर उघडा. फाइल स्वच्छ असेल, तर दोष फक्त दाखवण्यापुरता आहे आणि तुमचे काम सुरक्षित आहे. एक्सपोर्टमध्येही डाग आले, तर जीपीयूने केलेले गणितच चुकते आहे. मग जीपीयू बंद ठेवून पुन्हा एक्सपोर्ट करा आणि छपाईला देण्याआधी प्रत्येक पान डोळ्यांखालून घाला.

*चाचणी ४: मशीन सुरू होताना पाहा.* विंडोज सुरू होण्याआधी, कंपनीचा लोगो दिसतानाच पडद्यावर ठिपके किंवा पट्टे येत असतील, तर तेव्हा विंडोजचा ड्रायव्हर चालूच झालेला नसतो. म्हणजे कार्ड, केबल किंवा मॉनिटर यांच्यातच बिघाड आहे. कोणतीही सेटिंग बदलून तो जाणार नाही.

फोटोशॉपला तुमचे कार्ड दिसते का?

परफॉर्मन्सच्या त्याच खिडकीत उजवीकडे फोटोशॉपने ओळखलेल्या ग्राफिक्स प्रोसेसरचे नाव दिसते. ते वाचा. तीन शक्यता असतात.

नाव बरोबर आहे: मग ड्रायव्हर आणि सेटिंगकडे वळा.

नाव दुसऱ्याच चिपचे आहे: लॅपटॉपमध्ये एनव्हिडियाचे कार्ड असूनही इंटेलचे नाव दिसते. याचा उपाय 'दोन चिपचा घोळ' या भागात आहे.

नावच नाही किंवा खूण करायची जागा धूसर आहे: फोटोशॉप सुरू होताना एक छोटा प्रोग्राम जीपीयूची चाचणी घेतो. ती चाचणी फसली की फोटोशॉप खबरदारी म्हणून ग्राफिक्स बंद ठेवते. ड्रायव्हर नीट बसवल्यावर बहुधा हे सुटते.

अधिक माहिती हवी असेल, तर हेल्प > सिस्टीम इन्फो मध्ये संपूर्ण तपशील मिळतो. अलीकडच्या आवृत्त्यांत हेल्प > जीपीयू कम्पॅटिबिलिटी हा सोपा अहवालही आहे. कोणती अट पूर्ण होते आणि कोणती नाही, हे तिथे सरळ लिहिलेले असते. कुणाकडे मदत मागायची असेल तर 'फोटोशॉप चालत नाही' असे सांगण्याऐवजी सिस्टीम इन्फोची माहिती कॉपी करून पाठवा. उत्तर लवकर मिळते.

कमीत कमी किती ताकद लागते?

अलीकडच्या फोटोशॉपसाठी विंडोजवर ॲडोबीची किमान अट अशी आहे: डायरेक्टएक्स १२ (फीचर लेव्हल १२_० किंवा त्यापुढची) आणि १.५ जीबी ग्राफिक्स मेमरी. ४के पडद्यासाठी ४ जीबी ग्राफिक्स मेमरी सुचवलेली आहे.

यातली 'फीचर लेव्हल' ही अट लोकांच्या नजरेतून सुटते. कार्डाच्या खोक्यावर 'डायरेक्टएक्स १२' छापलेले असते, पण आतली फीचर लेव्हल ११_० असू शकते. एनव्हिडियाची जीटी ७१० आणि जीटी ७३० ही स्वस्त कार्डे अशीच आहेत. ती नव्या फोटोशॉपसाठी विकत घेतली, तर खर्च वाया जाईल. इंटेलच्या अंगभूत ग्राफिक्समध्ये सहाव्या पिढीच्या (२०१५) आधीच्या प्रोसेसरांचे, म्हणजे एचडी ४०००, ४४००, ४६०० आणि ५५०० यांचेही तेच. उलट, त्याच कंपनीचे छोटे जीटी १०३० कार्ड ही पातळी ओलांडते, कारण ते नंतरच्या पिढीचे आहे. म्हणजे इथे कार्डाची मेमरी किती यापेक्षा पिढी कोणती, हे जास्त महत्त्वाचे.

तुमच्या मशीनची पातळी बघायची असेल, तर विंडोज की आणि आर एकत्र दाबा. उघडलेल्या चौकटीत 'डीएक्सडायॅग' (इंग्रजी अक्षरे डी, एक्स, डी, आय, ए, जी) टाइप करून एंटर करा. 'डिस्प्ले' टॅबमध्ये 'फीचर लेव्हल्स' पुढे आकडे असतात. त्यात १२_० किंवा १२_१ दिसले की झाले. दोन चिप असतील तर दुसऱ्या चिपचा टॅबही उघडून बघा.

ड्रायव्हर: सगळ्यात मोठा संशयित

स्टार्ट बटणावर राइट क्लिक करून डिव्हाइस मॅनेजर उघडा आणि 'डिस्प्ले अडॅप्टर्स' विस्तारून बघा. तिथे 'मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर' असे नाव दिसले, तर कार्डाचा खरा ड्रायव्हर बसलेलाच नाही. विंडोज नुकतीच नव्याने टाकली असेल तर हे हमखास घडते. 'फॉरमॅट केल्यापासून फोटोशॉप आणखी हळू झाले' या तक्रारीमागे हे कारण असू शकते.

ड्रायव्हर घेताना या गोष्टी पाळा:

- विंडोज अपडेटमधला ड्रायव्हर कामचलाऊ असू शकतो. एनव्हिडिया, एएमडी किंवा इंटेल यांच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून घ्या. 'ड्रायव्हर अपडेटर' नावाचे तिसऱ्याच कुणाचे प्रोग्राम टाळा.
- एनव्हिडियाचे दोन प्रकारचे ड्रायव्हर असतात: गेम रेडी आणि स्टुडिओ. फोटो आणि व्हिडिओच्या कामासाठी स्टुडिओ निवडा. गेम रेडी नव्या गेमच्या वेळापत्रकाने येतो. स्टुडिओवर अशा कामाच्या प्रोग्रामांसाठी जास्त चाचण्या केलेल्या असतात.
- लॅपटॉपवर कार्ड कंपनीचा ड्रायव्हर बसत नसेल, तर लॅपटॉपच्या कंपनीच्या संकेतस्थळावर तुमच्या मॉडेलच्या पानावरचा घ्या.
- लॅपटॉपमध्ये दोन चिप असतील तर दोन्हींचे ड्रायव्हर अपडेट करा. फक्त एनव्हिडियाचा करून इंटेलचा जुना ठेवला, तरी अडचण राहू शकते.
- इन्स्टॉल करताना 'क्लीन इन्स्टॉलेशन'चा पर्याय मिळाला तर तो निवडा. जुन्या सेटिंग पुसल्या जातात.

नवा ड्रायव्हर टाकल्यावरच अडचण सुरू झाली असेल, तर उलट दिशेने जा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डावर डबल क्लिक करा, 'ड्रायव्हर' टॅब उघडा आणि 'रोल बॅक ड्रायव्हर' दाबा. बटण धूसर असेल, तर कंपनीच्या संकेतस्थळावरून आधीची आवृत्ती उतरवून बसवा. नवे ते नेहमीच चांगले, असे ड्रायव्हरच्या बाबतीत नसते.

दोन-तीनदा बसवूनही ड्रायव्हर नीट चालत नसेल, तर 'डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर' हा मोफत प्रोग्राम जुने अवशेष मुळापासून काढतो. तो विंडोजच्या सेफ मोडमध्ये चालवायचा असतो. नवा ड्रायव्हर आधी उतरवून ठेवा आणि मगच इंटरनेट बंद करून हे काम करा, म्हणजे विंडोज मधल्या वेळेत स्वतःचा ड्रायव्हर टाकणार नाही.

मॅकवर वेगळा ड्रायव्हर नसतो. तो मॅकओएसच्या अपडेटबरोबरच येतो. त्यामुळे तिथे 'ड्रायव्हर अपडेट करा' याचा अर्थ 'मॅकओएस अपडेट करा' एवढाच.

दोन चिपचा घोळ

अनेक लॅपटॉपमध्ये वीज वाचवण्यासाठी एक अंगभूत चिप आणि जड कामांसाठी एक स्वतंत्र कार्ड असते. कोणत्या प्रोग्रामला कोणती चिप द्यायची हे विंडोज ठरवते आणि कधी कधी चुकीचे ठरवते.

सेटिंग्ज > सिस्टीम > डिस्प्ले > ग्राफिक्स इथे जा. यादीत फोटोशॉप नसेल तर 'ब्राउझ' करून ते जोडा. मग त्याच्या 'ऑप्शन्स'मध्ये 'हाय परफॉर्मन्स' निवडून सेव्ह करा आणि फोटोशॉप पुन्हा उघडा. लॅपटॉप चार्जरला लावूनच तपासा, कारण बॅटरीवर कार्डाचा वेग कमी केला जातो. इंटेल प्रोसेसर आणि दोन चिप असलेल्या जुन्या मॅकबुक प्रोमध्ये 'ऑटोमॅटिक ग्राफिक्स स्विचिंग' बंद करून पाहा.

डेस्कटॉपवर याचाच एक भाऊबंद सापडतो. संगणकाच्या मागे मॉनिटरची केबल लावायला दोन जागा असतात. एक मदरबोर्डवर, उभ्या ओळीत यूएसबीच्या शेजारी, आणि दुसरी खाली आडव्या ग्राफिक्स कार्डावर. साफसफाईनंतर केबल चुकून मदरबोर्डवर लागली, की मॉनिटर कार्डाऐवजी अंगभूत चिपवर चालतो. केबल काढून कार्डावर लावणे हा या यादीतला सगळ्यात स्वस्त उपाय आहे.

घरून ऑफिसच्या मशीनवर रिमोट डेस्कटॉपने काम करत असाल, तर फोटोशॉपला तिथले कार्ड न दिसण्याची शक्यता असते. अशा वेळी कार्डाचा निष्कर्ष काढण्याआधी त्या मशीनसमोर बसून एकदा तपासा.

फोटोशॉपमधल्या सेटिंग

ड्रायव्हर नीट असूनही अडचण राहिली, तर परफॉर्मन्समधले 'ॲडव्हान्स्ड सेटिंग्ज' उघडा. एका वेळी एकच बदल करा, प्रत्येक वेळी फोटोशॉप बंद करून पुन्हा उघडा आणि तपासा. सगळे एकदम बदलले, तर कशामुळे बरे झाले हे कळणार नाही.

१. 'ड्रॉइंग मोड' दिसत असेल (जुन्या आवृत्त्या), तर 'ॲडव्हान्स्ड'वरून 'नॉर्मल' आणि मग 'बेसिक' करून पाहा.

२. 'यूज ओपनसीएल'ची खूण काढून पाहा.

३. '३० बिट डिस्प्ले' चालू असेल आणि तुमचा मॉनिटर तसा नसेल, तर बंद करा.

४. 'जीपीयू कम्पोझिटिंग' बंद करून पाहा. लेयर अर्धवट दिसणे किंवा चौकोनी तुकडे दिसणे यावर याचा उपयोग होऊ शकतो.

५. आवृत्तीनुसार 'डीॲक्टिव्हेट नेटिव्ह कॅनव्हास' (टेक्नॉलॉजी प्रिव्ह्यूजमध्ये) किंवा 'ओल्डर जीपीयू मोड' यांपैकी जे दिसेल ते चालू करा. जुन्या कार्डांवर कॅनव्हास काळा किंवा पांढरा पडत असेल, तर हा पर्याय तपासण्यासारखा आहे.

यानेही काही झाले नाही, तर प्रेफरन्स रीसेट करा. फोटोशॉप सुरू होत असताना विंडोजवर कंट्रोल, ऑल्ट आणि शिफ्ट, तर मॅकवर कमांड, ऑप्शन आणि शिफ्ट एकत्र दाबून ठेवा आणि विचारल्यावर 'हो' म्हणा. तुमच्या शॉर्टकट आणि वर्कस्पेस पुसल्या जाऊ शकतात, म्हणून ॲक्शन, ब्रश आणि वर्कस्पेस आधी एक्सपोर्ट करून ठेवा.

फोटोशॉप अपडेट झाल्यापासूनच त्रास सुरू झाला असेल, तर क्रिएटिव्ह क्लाउड ॲपमध्ये फोटोशॉपसमोरच्या तीन ठिपक्यांतून 'अदर व्हर्जन्स' निवडून आधीची आवृत्ती बसवता येते. चालू कामाच्या मध्ये मोठी अपडेट टाकू नका. जुनी आवृत्ती काही आठवडे ठेवून मगच काढा.

विंडोजच्या बाजूने

पडदा क्षणभर काळा होऊन परत येतो आणि डिस्प्ले ड्रायव्हर प्रतिसाद देत नव्हता, तो पुन्हा सुरू झाला, असा निरोप येतो. यामागे विंडोजची एक सुरक्षा व्यवस्था आहे. जीपीयूने साधारण २ सेकंदांत प्रतिसाद दिला नाही, तर तो अडकला असे समजून विंडोज ड्रायव्हर पुन्हा सुरू करते. जुन्या कार्डावर जड फिल्टर लावला, की काम खरेच चालू असूनही ही वेळ उलटू शकते. मग फोटोशॉप बंद पडते किंवा कॅनव्हास कोरा होतो. उपाय साधे आहेत: बाकीचे जड प्रोग्राम बंद करा, मोठ्या फाइलवर लेयर एकत्र करून फिल्टर लावा, आणि तरीही नाही जमले तर त्या फिल्टरपुरता जीपीयू बंद करा.

पडदा गोठला असेल, तर विंडोज की, कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकत्र दाबा. ग्राफिक्स ड्रायव्हर पुन्हा सुरू होतो. प्रोग्राम बंद न होता काम वाचण्याची शक्यता असते. हा शॉर्टकट लिहून मॉनिटरवर चिकटवून ठेवण्यासारखा आहे.

'हार्डवेअर ॲक्सेलरेटेड जीपीयू शेड्युलिंग' ही सेटिंग विंडोजच्या ग्राफिक्स विभागात असते. ती चालू असेल तर बंद करून, बंद असेल तर चालू करून पाहा. बदलानंतर मशीन रीस्टार्ट करावे लागते.

टास्क मॅनेजर (कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप) उघडून 'परफॉर्मन्स'मध्ये जीपीयू निवडा. दोन गोष्टी बघा. एक, ग्राफिक्स मेमरी काठोकाठ भरली आहे का? भरली असेल तर ब्राउझरचे टॅब आणि दुसऱ्या फाइल बंद करा. दोन, तापमान. उन्हाळ्यात विदर्भ-मराठवाड्यात खोलीच ४० अंशांच्या वर गेली, की धूळ भरलेल्या पंख्याचा लॅपटॉप स्वतःला वाचवण्यासाठी वेग उतरवतो. सकाळी ठीक आणि दुपारी अडखळणे, हे त्याचे लक्षण. पंखा साफ करून घ्या, लॅपटॉप गादीवर न ठेवता टेबलावर ठेवा.

एक सावधगिरी: टास्क मॅनेजरमधला '३डी' आलेख शून्याजवळ दिसला म्हणून फोटोशॉप जीपीयू वापरत नाही, असे लगेच समजू नका. काही कामे 'कम्प्युट' किंवा 'कुडा' या वेगळ्या आलेखांत मोजली जातात. आलेखाच्या नावावर क्लिक केले की ते निवडता येतात.

रंग बिघडले? तो बहुधा जीपीयूचा दोष नाही

फोटोशॉपमध्ये पांढरा भाग पिवळसर दिसतो, पण तोच फोटो व्हॉट्सॲपवर ठीक दिसतो, असे असेल तर आधी मॉनिटरचा रंग प्रोफाइल तपासा. मॉनिटरच्या ड्रायव्हरबरोबर आलेला बिघडलेला प्रोफाइल फोटोशॉप प्रामाणिकपणे पाळते, बरेच साधे प्रोग्राम पाळत नाहीत. स्टार्टमध्ये 'कलर मॅनेजमेंट' शोधून उघडा, मॉनिटर निवडा, तात्पुरता एसआरजीबी प्रोफाइल डीफॉल्ट करा आणि फोटोशॉप पुन्हा सुरू करा. पिवळेपणा गेला तर कारण सापडले. रात्रीसाठीचा 'नाइट लाइट' चालू नाही ना, तेही बघा.

इतर प्रोग्राममध्ये हेच कुठे असते?

*लाइटरूम क्लासिक:* एडिट > प्रेफरन्सेस > परफॉर्मन्स. 'यूज ग्राफिक्स प्रोसेसर' समोर ऑटो, कस्टम आणि ऑफ असे पर्याय असतात. कस्टममध्ये दाखवणे, प्रक्रिया आणि एक्सपोर्ट यांसाठी जीपीयू वेगवेगळा चालू-बंद करता येतो. फक्त एक्सपोर्ट फसत असेल तर तेवढाच बंद करा. एप्रिल २०२३ मध्ये आलेले 'डीनॉइज' मात्र जीपीयूवरच जगते. जुन्या चिपवर एका फोटोला कित्येक मिनिटे लागली, तर ते बिघाडाचे लक्षण नाही.

*ॲफिनिटी फोटो:* प्रेफरन्सेस > परफॉर्मन्स. विंडोजवर ओपनसीएलची खूण काढा, मॅकवर मेटलची. बदलानंतर प्रोग्राम पुन्हा उघडा.

*गिम्प आणि डार्कटेबल:* दोन्ही मोफत आहेत. गिम्पमध्ये ओपनसीएल मुळात बंद असते. तुम्हीच कधी चालू केले असेल आणि त्रास होत असेल तर बंद करा. डार्कटेबलमध्ये प्रेफरन्सेसच्या प्रोसेसिंग विभागात ओपनसीएलचा पर्याय असतो.

*कॅनव्हा, फोटोपी:* ही साधने ब्राउझरमध्ये चालतात, म्हणून सेटिंगही ब्राउझरमध्येच. क्रोममध्ये सेटिंग्ज > सिस्टीम इथे 'यूज ग्राफिक्स ॲक्सेलरेशन व्हेन अव्हेलेबल' हा पर्याय आहे. पान काळे पडत असेल किंवा डिझाइन लुकलुकत असेल, तर तो बंद करून ब्राउझर पुन्हा सुरू करा. उलट, सगळे फार संथ असेल तर तो चालू आहे ना ते बघा.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*जीपीयू कायमचा बंद ठेवला तर चालेल का?*
साधे क्रॉप, रंगदुरुस्ती, बॅनर, पोस्टर अशी कामे चालतात. पण वर दिलेल्या काही सुविधा मिळणार नाहीत आणि मोठ्या फाइलवर झूम, ब्रश जड वाटेल. हा तात्पुरता मार्ग समजा.

*जीपीयू बंद केल्याने फोटोची गुणवत्ता कमी होते का?*
नाही. वेग आणि उपलब्ध सुविधा बदलतात. सेव्ह होणाऱ्या फाइलचे रिझोल्यूशन तेच राहते.

*माझ्याकडे स्वतंत्र कार्डच नाही. फोटोशॉप चालेल?*
चालेल, अंगभूत चिप फीचर लेव्हल १२_० देत असेल तर. मात्र अंगभूत चिप संगणकाचीच रॅम वापरते. त्यामुळे ८ जीबी रॅमवर ओढाताण होते. अशा मशीनला आधी १६ जीबी रॅम करणे हे बहुधा कार्डापेक्षा फायद्याचे ठरते.

*नवे कार्ड कधी घ्यायचे?*
तीनच वेळा: फीचर लेव्हल कमी पडत असेल, लोगोच्या पडद्यावरच चित्र बिघडत असेल, किंवा डीनॉइजसारखे जीपीयूवरचे काम रोजचे असेल आणि त्यात तास जात असतील. घेण्याआधी तुमच्या संगणकाचा पॉवर सप्लाय त्या कार्डाला पुरतो का आणि कॅबिनेटमध्ये ते मावते का, हे दुकानदाराकडून खात्री करून घ्या. लॅपटॉपमधले कार्ड बहुधा बदलता येत नाही.

*दुरुस्तीला देताना काय सांगायचे?*
कोणत्या कृतीने अडचण येते, कधीपासून येते, त्याआधी काय अपडेट झाले, जीपीयू बंद केल्यावर जाते का, आणि लोगोच्या पडद्यावर दिसते का. ही पाच उत्तरे कागदावर लिहून द्या. मग विनाकारण फॉरमॅट करून घेण्याची वेळ येत नाही.